कपाटातील खेळणी आणि मुलांचे मन

शाळेच्या स्मरणिकेत इमारतीचा इतिहास असतो, दहावीच्या निकालांचे तक्ते असतात, देणगीदारांची नामावली असते आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद असते. हे सर्व असावेच. आम्ही मात्र या लेखात एका लहान आणि दुर्लक्षित विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे खेळणी. निवासी शाळेत खेळणी का असावीत, कोणती असावीत आणि ती मुलांच्या हाती कशी द्यावीत, याचा विचार वर्गखोल्यांइतक्याच गांभीर्याने झाला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

बीड जिल्ह्यात वर्षाचे दोन भाग पडतात. दसरा-दिवाळी उरकली की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतील वाड्या, वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी, जिला या धंद्यात ‘एक कोयता’ असेच म्हणतात, ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघते. परतीची वाट मार्च-एप्रिलमध्ये दिसते. काही मुले आईवडिलांबरोबर जातात आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत हिवाळा काढतात. काही आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, तर काही आपल्यासारख्या निवासी शाळेत. शिक्षणाच्या दृष्टीने हा शेवटचा पर्याय सर्वांत चांगला, हे आम्ही अभिमानाने सांगू. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाला तो पर्याय म्हणून दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की गाडी निघून गेली आणि आपण मागे राहिलो.

असे मूल बोलत नाही. “काय झालं रे बाळा?” असे विचारले की “काही नाही, सर,” एवढेच उत्तर येते. कोणी रात्री अंथरूण ओले करते, कोणी उरलेली भाकरी उशाखाली लपवून ठेवते, कोणी विनाकारण शेजारच्याला मारते, कोणी फाटकाकडे पाहत बसते. मोठी माणसे त्याला हट्टी, घुमा किंवा खोडकर अशी नावे देऊन मोकळी होतात. वास्तविक त्या मुलापाशी दुःख असते, पण ते सांगण्याचे शब्द नसतात. मोठा माणूस कोणाजवळ तरी बोलून मन हलके करतो. सात वर्षांच्या जिवाला ते जमत नाही. त्याच मुलासमोर थोडी वाळू, एक ट्रक आणि चार-पाच बाहुल्या ठेवाव्यात. जे त्याला सांगता आले नाही, ते तो मांडून दाखवू लागतो.

मुलांच्या खेळाकडे असे लक्षपूर्वक पाहणे ही काही आजची टूम नव्हे. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात मूल कसे वाढते याचे वर्णन येते. तेथे भगवान बुद्धांनी मुलांच्या खेळांची आणि खेळण्यांची यादीच दिली आहे: छोटा नांगर, विटीदांडू, कोलांटउड्या, भिरभिरे, पानांची मापे, छोटा रथ आणि छोटे धनुष्य. इतिहासाचा विद्यार्थी या यादीपाशी थांबतो. नांगर शेतातला, मापे बाजारातली, रथ रस्त्यावरचा, धनुष्य रणांगणावरचे. म्हणजे त्या काळच्या मुलांनी आपल्या भोवतालचे सारे जग मुठीत मावेल एवढे लहान करून घेतले होते. जे जग मुलाला पेलत नाही, ते खेळात त्याच्या हातात येते. खेळोपचाराचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

आधुनिक काळात या मर्माचे शास्त्र झाले. मार्गारेट लोवेनफेल्ड या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्ये लंडनमध्ये मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. एच. जी. वेल्स यांचे जमिनीवर मांडायच्या खेळांविषयीचे १९११ मधील पुस्तक त्यांनी वाचलेले होते. त्यांनी छोट्या माणसांच्या, प्राण्यांच्या, घरांच्या आणि गाड्यांच्या प्रतिकृती एका पेटीत ठेवल्या आणि जवळ वाळूचा ट्रे ठेवला. मुले त्या वाळूत आपापले जग मांडू लागली. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये ‘प्ले थेरपी’ हा ग्रंथ लिहिला. खेळाचे नेतृत्व मुलाकडे असावे, मोठ्याने मागून जावे, मुलाला घाई करू नये आणि बंधने अगदी आवश्यक तेवढीच घालावीत, ही त्यांची शिकवण आजही या क्षेत्राचा पाया मानली जाते. गॅरी लँड्रेथ या प्राध्यापकांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. खेळणी हे मुलांचे शब्द आहेत, म्हणून ती नुसती गोळा करू नयेत, निवडावीत, असे त्यांनी सांगितले.

आमचा मुद्दा या ‘निवडीचा’ आहे. आज शाळांना खेळणी मिळतात ती बहुधा देणगी म्हणून. वाढदिवसाला कोणी बॅटरीवर चालणारी मोटार देतो, कोणी मोठे केसाळ अस्वल देतो. पाहुण्यांनी फोटो काढले की ती काचेच्या कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागते. खेळणी महाग असतात, मोडतील अशी भीती असते. मुले काचेबाहेरून पाहतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचे नावच एका मातीच्या खेळगाडीवरून पडले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो आणि वसंतसेना ती मातीची गाडी दागिन्यांनी भरून देते. तिचा जिव्हाळा खरा आहे. तरीही मुलाच्या रडण्याला मोठ्यांनी दिलेले ते मोठ्यांचे उत्तर आहे. आपणही मुलांच्या गाड्या असेच सोन्याने भरू पाहतो. मुलाला त्या गाडीत काय न्यायचे होते, हे विचारायचे राहून जाते.

मग बीड जिल्ह्यातील निवासी शाळेने कोणती खेळणी निवडावीत? लँड्रेथ यांनी खेळण्यांचे तीन गट सांगितले आहेत. ते आपल्या मातीत कसे रुजतील ते पाहू.

पहिला गट प्रत्यक्ष जीवनातील वस्तूंचा. यात बाहुल्यांचे एक पूर्ण कुटुंब हवे: आई, वडील, आजी, आजोबा, मोठी ताई, तान्हे बाळ. आजीची बाहुली विसरून चालणार नाही, कारण हंगामात अनेक मुलांचे घर म्हणजे आजीच. घरे दोन हवीत, एक गावातले पत्र्याचे आणि एक फडावरची कोपी. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि बैलजोडी हवी. तवा, परात, चूल, घागर ही भातुकली मुलांसाठीही तितकीच हवी, मुलींपुरती नको. एक बंद पडलेला मोबाइल अवश्य ठेवावा. आईशी आठवड्यातून एकदा बोलणारे मूल त्या मुक्या मोबाइलवर रोज बोलू शकते, आणि खऱ्या फोनवर जे बोलायचे राहिले ते त्यात बोलते.

दुसरा गट राग आणि भीती बाहेर काढणाऱ्या वस्तूंचा. रबरी साप, बिबट्या, कुत्रा, पोलिसाची बाहुली, फेटेवाल्या मुकादमाची बाहुली, चिंध्यांनी भरलेली एक जाड उशी. उसाच्या फडातील साप आणि बिबट्या ही आपल्या मुलांसाठी परीकथेतील पात्रे नाहीत. रात्री झोपेत दिसणारी ती खरी भीती आहे. बिबट्याला मुठीत धरून वाळूत गाडता आले की त्या भीतीवर मुलाचा थोडा तरी ताबा येतो. कोयता ठेवावा काय, असा प्रश्न विचारला जाईल. आमचे उत्तर असे की पुठ्ठ्याचा कोयता ठेवावा. तो आईवडिलांच्या कष्टाचे साधन आहे आणि तो लपवला तर त्यांचे काम लपवण्याजोगे आहे, असे मूल समजेल. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक मात्र नको. मुलाच्या जीवनात ती नाही, ती फक्त पडद्यावरून येते.

तिसरा गट घडवण्याच्या वस्तूंचा: माती, वाळू, पाणी, कणकेचा गोळा, रंग, कागद, चिंध्या, लाकडी ठोकळे. हा गट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत श्रीमंत आहे. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आणि ज्वारीच्या धाटांची बैलगाडी जोडणाऱ्या मुलांना हे कौशल्य शिकवावे लागत नाही. चिंचोके, बिट्टीच्या बिया, काडेपेट्या, बांगड्या, उसाची चिपाडे यांतून ती हवे ते उभे करतात. महाराष्ट्राला या विचाराची थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, दगड, बिया, पाने यांचीच शैक्षणिक साधने केली. अंगणवाडी ही कल्पना याच प्रयोगशील भूमीतून आली. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा हेतू विज्ञानाचा होता, पण खेळणे मोडून-जोडून पाहण्याची मुभा मुलाला असलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह आम्हालाही लागू आहे. जे खेळणे आपले आपणच धावते, त्याच्यापुढे मूल प्रेक्षक होते. जे अर्धवट आहे, तेच मुलाची वाट पाहते.

बाहुल्या निवडताना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागेल. अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे केवळ रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली आणि सावळी बाहुली वाईट ठरवली. जगाने लादलेली हीनता एवढ्या कोवळ्या वयात मनात उतरते, हे त्या बाहुल्यांनी सिद्ध केले. १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाची नोंद घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. त्या पत्राचा वारसा सांगणाऱ्या आपल्या शाळेत निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या बाहुल्या तेवढ्याच असाव्यात काय? आमची बाहुली सावळी असावी, तिचे केस काळे असावेत, तिच्या अंगावर आपल्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असावा. मुलीने तिला मांडीवर घेऊन “किती छान दिसतेस” म्हणावे. स्वाभिमानाचा तो पहिला पाठ असेल आणि त्याला पुस्तक लागणार नाही.

खेळणी निवडली म्हणजे काम संपले असे नाही. ती कशी वापरायची, हा खरा कसोटीचा भाग. प्रथम, जागा ठरलेली हवी. एक कोपरा, जमिनीवर सतरंजी, उघडी फळी, आणि प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा. ज्या मुलाचे घर दर सहा महिन्यांनी हलते, त्याला आपला ट्रॅक्टर कालच्याच जागी सापडणे हा मोठा धीर असतो. दुसरे, वेळ ठरलेली हवी. आठवड्यातून अर्धा तास पुरे, पण तो चुकता कामा नये आणि शिक्षा म्हणून काढून घेता कामा नये. तिसरे, नियम थोडे आणि स्पष्ट असावेत: स्वतःला इजा करायची नाही, दुसऱ्याला करायची नाही, मुद्दाम वस्तू फोडायची नाही. राग आला तर उशी आहे.

चौथी गोष्ट शिक्षकाला सर्वांत अवघड जाते: शिकवायचे नाही. मूल ट्रकला ‘घर’ म्हणत असेल तर तो त्या वेळी घरच आहे. मुलाने आईची बाहुली वाळूत पुरली तर “अरे, आईला असं करतात का?” असे म्हणू नये. “तू आईला वाळूत ठेवलंस,” एवढेच शांतपणे म्हणावे. पाहिले ते सांगावे, निवाडा देऊ नये. ‘का’ हा प्रश्न टाळावा, कारण ‘का’ विचारले की मूल पुन्हा वर्गात जाऊन बसते आणि बरोबर उत्तर शोधू लागते. शाबासकीही जपून द्यावी, नाहीतर मूल आपल्याला आवडेल तेच मांडू लागेल.

अनेकदा मूल एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. ट्रक भरतो, ट्रक निघतो, एक लहान बाहुली मागे राहते. दहा वेळा तेच. पाहणाऱ्याला कंटाळा येतो, पण तेथे काम चाललेले असते. खरी गाडी निघाली तेव्हा मुलाला कोणी विचारले नव्हते. खेळात गाडी तो हाकतो. ती केव्हा थांबवायची, कोणाला चढवायचे आणि केव्हा परत आणायची, हे तो ठरवतो. संयुत्तनिकायात मातीची घरे करणाऱ्या मुलांची उपमा आहे. त्या घरांत जीव गुंतलेला असतो तोवर मुले ती जपतात, आणि मन निघाले की आपल्याच हातापायांनी ती विस्कटून टाकतात. उपमा आसक्तीच्या संदर्भातील असली तरी मुलांचे निरीक्षण अचूक आहे. खेळ केव्हा संपवायचा हे मुलालाच कळते. आपण मधेच आवराआवर करू नये.

येथे मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. खेळोपचार हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. शिक्षक उपचार करत नाही. तो खेळाला जागा देतो आणि डोळे उघडे ठेवतो. काळ्या रंगाचे चित्र म्हणजे दुःखच, असे ठोकताळे बांधू नयेत आणि एका खेळावरून घरच्यांवर दोष ठेवू नये. मात्र महिनोन्‌महिने मूल कोमेजलेले राहिले, स्वतःला इजा करू लागले किंवा बोलायचेच थांबले तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञांकडे न्यावे. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ आणि अडचणीतील मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावेत. खेळातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मुलाची उलटतपासणी न करता ती पोलिसांना कळवावी. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. तेथे शाळेचे नाव जपण्याचा विचार मनात येता कामा नये.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आमच्या समाजातून येतो म्हणून आम्ही त्याचा आदर करतो. फडात कोयता चालवून मुलाला येथे ठेवणारा बाप म्हणतो, “गुरुजी, लेकराला शिकायला धाडलंय, खेळायला नाही.” बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले, त्या आज्ञेवर या बापाचे आयुष्य उभे आहे. त्याला आमचे नम्र उत्तर असे आहे. मूल वर्गात बसलेले दिसते, परंतु त्याचे मन अजून फाटकापाशी उभे असेल तर बाराखडी कोण शिकणार? खेळाचा तो अर्धा तास अभ्यासातून वजा होत नाही. मन फाटकापासून बाकावर आणण्यासाठी तो लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ हा मुलाचा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. बालमजुरीत ज्यांच्या पिढ्यांचे बालपण गेले, त्यांच्या नातवंडांना हा हक्क पहिल्यांदा मिळतो आहे. तो चैनीच्या खात्यात टाकू नये.

शेवटी तिन्ही प्रकारच्या वाचकांना आमची विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी बॅटरीची मोटार आणण्याऐवजी गावच्या सुताराकडून एक बैलगाडी आणि दोन घरे करून आणावीत, किंवा दोन घमेली स्वच्छ वाळू आणि एक लाकडी ट्रे द्यावा. समाजातील शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी सावळ्या बाहुल्यांचे एक कुटुंब शिवून द्यावे. पालकांनी मुलाला सोडून जाताना आपल्या लुगड्याचा किंवा उपरण्याचा हातभर तुकडा त्याच्यापाशी ठेवावा. आईपासून दूर असताना मुलाला धीर देणाऱ्या अशा जिवलग वस्तूचे महत्त्व डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्येच जगापुढे मांडले आहे. आणि निघताना मूल झोपले असता गुपचूप निघून जाऊ नये. त्याला सांगून, केव्हा परत येणार ते सांगून निघावे.

शाळांच्या चालकांना आमचे एकच सांगणे आहे. कपाटाची किल्ली शोधावी, कुलूप काढावे आणि खेळणी जमिनीवर मुलांच्या हाताशी ठेवावीत. काही मोडतील. मोडलेली बाहुली पुन्हा शिवता येते.

जयभीम.